पण हवेचं काय?

दुष्काळात लोक विहिरीतून पाणी काढताना मी पाहिले आहेत. तळाला उतरून वाटीनं पाणी टिपतानाही पाहिले आहेत. पण भर दुष्काळात विहिरीत पाणी ओतणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे शेजारी सोनकांबळे सर.

टँकरच्या रांगेत उन्हात उभं राहून मिळवलेली कळशी खांद्यावर घेऊन सर कॉलनीच्या कोरड्या विहिरीवर यायचे, काठावरून आत वाकून बघायचे आणि ती सगळी कळशी चारी बाजूंनी शिंपडत आत रिकामी करायचे. मग मोठं काम उरकल्यासारखा चेहरा करून घरी जायचे. रांगेतल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. सरांना ऊन लागलं आहे, असं निदान कॉलनीनं एकमतानं केलं होतं. आमच्या कॉलनीत एकमत होण्याची ती पहिलीच वेळ.

निदान चुकीचं होतं. पण का चुकीचं, हे सांगायचं तर सर पहिल्यापासून सांगावे लागतील.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. उस्मानाबादेहून फायली, कपाटं आणि कारकून असा सगळा संसार ट्रकांतून लातूरला आला, त्यात मीही आलो. जिल्हा नवा, त्यामुळे सगळंच नवं आणि सगळंच अर्धवट. आमची कॉलनीही तशीच. रस्ते नकाशावर होते, नळ भिंतीत होते आणि पाणी 'येणार' होतं.

मी खोलीचं कुलूप काढून वळकटी आत टाकतोय, तोवर दारात एक किडकिडीत गृहस्थ उभे. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, पायात टायरच्या चपला. नाव नाही, गाव नाही, 'या, बसा' म्हणायची सोय नाही. सरळ आत आले, छताकडे पाहिलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पावलं टाकली.

"किती जण ऱ्हाणार?"

"मी, बायको आणि मुलगी."

"खोली बेस हाय. पण हवेचं काय?"

सरांना उत्तराची गरज नव्हती. त्यांनी माझी ट्रंक ओढली, तिच्यावर चढले आणि दारावरची, रंगानं चिकटून बसलेली झडप दोन्ही हातांनी उघडली. चिमणीचं जुनं घरटं आणि आधीच्या भाडेकरूंची धूळ माझ्या वळकटीवर पडली. "आता ऱ्हावा खुशाल," असं म्हणून ते खाली उतरले. आमची ओळख ही अशी झाली.

'पण हवेचं काय?' हे सरांचं पालुपद. लग्नाच्या मांडवात गेलं की लोक भाजीत मीठ आहे का बघतात, सर कनाती बघायचे. कॉलनीचे अध्यक्ष मानेकाका. त्यांच्या मुलीच्या लग्नात, ऐन मंगलाष्टकांच्या वेळी सरांनी मागची कनात सोडून दिली. वारा असा घुसला की अंतरपाट उडाला आणि मुहूर्ताच्या आधीच नवरानवरीनं एकमेकांना पाहिलं. मानेकाका एसटीच्या डेपोतून कंट्रोलर म्हणून रिटायर झालेले. त्यांच्या हाताखालून कुठलीही गाडी वेळेआधी सुटलेली नव्हती. ही पहिलीच. त्यांनी सरांना ते कधी माफ केलं नाही.

सर एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. मूळ गाव चाकूरच्या बाजूला. वर्गात अगदी पुस्तकी बोलायचे, बाहेर पडले की गावची बोली. "वर्गात पगाराची भाषा, घरी आईची," असं सांगायचे.

त्यांच्या खिशात कायम चुन्याची डबी असे, तंबाखूचा मात्र पत्ता नाही. आपल्याकडे अनोळखी माणसाशी दोस्ती सुरू होते ती चुना मागण्यावरून. एसटी स्टँडवर कोणी हात पुढे केला की सर डबी द्यायचे आणि त्याचा तळवा धरूनच विचारायचे, "चुन्याचं काम काय, मालूम हाय का?" तो बिचारा अडकला. मग सरांच्या पिशवीतून चुन्याच्या निवळीची बाटली निघायची, पपईच्या पानाचा पोकळ देठ निघायचा. "फुंका." तो फुंकायचा. पाण्यासारखी स्वच्छ निवळी दुधासारखी पांढरी व्हायची.

"ही तुमची सोडलेली हवा. लोक म्हणतात, कोंडलं की ऑक्सिजन संपून माणूस मरतो. चूक. त्याच्या आधी आपण सोडलेली हवाच आपल्याला मारती. वरती अंतराळात माणसं जातात ना, त्यांच्या डब्यात बी चुन्याच्याच जातीचा एक पदार्थ भरलेला असतो. त्यो ही हवा पिऊन टाकतो. म्हणून ती जित्ती ऱ्हातात."

तो माणूस मान डोलवायचा. अशा पुष्कळ लोकांना मी पाहिलंय. तंबाखू कोणी सोडली नाही, पण सरांकडे चुना मागणं सगळ्यांनी सोडलं.

अंतराळाचं वेड सरांना आपला एक माणूस वर जाऊन आला त्या साली लागलं. तेव्हापासून त्यांच्याकडे पोस्टानं मासिकं यायला लागली, गुळगुळीत कागदाची, रशियाची. दर रविवारी मासिक काखेत मारून सर पहिल्या एसटीनं गावी आईकडे जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. लिहिता-वाचता न येणाऱ्या म्हातारीकडे हे मासिक कशाला नेतात, याचं मला कुतूहल होतं, पण विचारायचं राहून गेलं. मग आई वारली. मासिकं यायची थांबली नाहीत. सरांचा रविवार मोकळा झाला आणि तो माझ्या वाट्याला आला.

मला त्याचं दुःख नव्हतं. मी मुळात चौकस. कचेरीत दिवसभर पाणीटंचाईचे अर्ज वाचायचे आणि रविवारी पृथ्वीच्या बाहेर जायचं, हे मला मानवलं.

"सर, रॉकेट उडवणं एवढं अवघड का असतं?" मी एकदा विचारलं. "दिवाळीचा बाणही उडतो."

"मोरे, तुम्ही बैलगाडी घेऊन बाजारला निघालाव समजा. वाट लांबची, अन् वाटंत चारा कुठंच न्हाई. मग बैलांचा कडबा गाडीतच घ्यावा लागतो का न्हाई?"

"लागतो."

"कडबा घेतला की गाडी जड. जड गाडीला बैलं जास्त. जास्त बैलांना कडबा जास्त. त्या कडब्याला वढायला अजून बैलं. शेवटी समदी गाडी कडब्यानंच भरली, बाजारला न्यायची ज्वारी ठिवायची कुठं? रॉकेट म्हंजी हेच. एवढं उंच धूड, पण बहुतेक समदा कडबाच. शेंड्याला पसाभर ज्वारी. त्या पसाभरात माणसं बसवायची."

"मग उपाय काय?"

"जी गाडी रिकामी झाली ती वाटंतच सोडायची. मग धाकटी गाडी, धाकटी बैलं. ती रिकामी झाली की ती बी सोडायची."

"बैलांसकट?"

"बैलांसकट."

मी शेतकऱ्याचा मुलगा. लोखंडाचीच बैलं ती, पण मला जरा वाईट वाटलं.

दुसऱ्या रविवारी मी विचारलं, रॉकेट सुटताना ती माणसं पाठीवर आडवी का झोपलेली असतात. सरांना तोंडी उत्तर देणं कमीपणाचं वाटायचं. त्यांनी मला बाजेवर आडवं केलं, आतून ज्वारीचं अर्धं पोतं ओढत आणलं आणि माझ्या छातीवर ठेवलं.

"आता समजा, रॉकेट सुटलं. तुमचं वजन दोनतीन पट झालं. बोला."

माझ्या तोंडून नुसता 'हं' निघाला.

"हात वर करा. समोरचं बटण दाबा. उभे असताव तर रक्त पायात उतरलं असतं, डोळ्याम्होरं अंधारी आली असती. आडवं असलं की काळजावर ताण कमी. कळलं का?"

मला कळलं होतं, पण तसं सांगता येत नव्हतं. तेवढ्यात आमची मंडळी सरांच्या घरची वाटी परत द्यायला आली. तिनं पाहिलं ते असं की नवरा बाजेवर डोळे पांढरे करून पडलेला, छातीवर पोतं आणि सर शेजारी घड्याळ धरून उभे.

"अगं बाई! ह्यांना काय झालं?"

"काही न्हाई वहिनी," सर शांतपणे म्हणाले, "मोरे पृथ्वी सोडून चाललेत."

वाटी काचेची होती.

सोनकांबळे वहिनींनीच मग ते पोतं उचललं. त्यांना अशा गोष्टींचं काही वाटेनासं झालं होतं. "बाकीच्यांचे नवरे संध्याकाळी पारावर जाऊन बसतात," त्या म्हणायच्या, "आमचे अंतराळात जातात. जेवायच्या टायमाला उतरतात, एवढं बरं."

एक गोष्ट सांगताना मात्र सरांचा आवाज दर वेळी खाली यायचा. वरती वजनच नसल्यामुळे गरम हवा वर जात नाही, गार हवा खाली येत नाही. माणूस झोपला की त्यानं सोडलेला श्वास तिथंच, त्याच्या तोंडाभोवती साचतो. म्हणून तिथं सतत पंखा चालू ठेवावा लागतो. "पंखा बंद पडला, तर त्यो झोपलेला माणूस सोताच्याच श्वासात बुडंल," सर म्हणायचे. "अन् त्याला कळायचं बी न्हाई." मी याला कळवळा म्हणायचो, मनातल्या मनात. त्या झोपलेल्या माणसाची ओळख ना पाळख, आणि हे इथं लातुरात त्याची फिकीर करत बसलेले.

मग दुष्काळ आला. आमच्याकडे दुष्काळ येतो तो पाहुण्यासारखा नाही, घरचा असल्यासारखा येतो. टँकर सुरू झाले. रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांना सरांनी एकदा धीर द्यायला म्हणून सांगितलं, की वरती तर याहून कठीण आहे. तिथं टँकरही जात नाही. तिथं माणसाच्या घामाची आणि श्वासाची वाफ गोळा करतात, गाळतात आणि तेच पाणी परत पितात. पुढं-मागं लघवीचंही तसंच करायचं चाललंय.

बायकांना धीर आला नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून सरांच्या घरी पाणी कोणी पिईना. कोण जाणे, सरांनी मागच्या अंगणात काय गाळायला ठेवलं असेल! मी हे सरांना सांगितलं तेव्हा ते खो खो हसले.

"आधी लोक आमच्या घरचं पाणी पीत नव्हते ते येगळ्या कारणानं. आता शास्त्रीय कारणानं पीत न्हाईत. प्रगती हाय, मोरे, प्रगती हाय!"

मीही हसलो. घरी आल्यावर मात्र त्यातलं पहिलं कारण आठवलं. मग मी परत जाऊन त्यांच्याकडे तांब्याभर पाणी मागून प्यायलो.

टँकर कमी पडायला लागले तेव्हा कॉलनीनं विहीर खोल करायची ठरवली. कोपऱ्यावर जुनी विहीर होती, आटलेली, तळाला काळा खडक. भोकरकडून मारुती आणि त्याची बायको गंगा असं जोडपं कामाला आलं. मारुती खाली उतरून खडक फोडणार, सुरुंग लावणार, आणि वर कप्पीवरचा दोर गंगाच्या हातात. मदतीला दोन गडी असायचे, पण दोर कधी सोडायचा, कधी ओढायचा हे गंगा ठरवायची.

पहिल्याच सकाळी सर कंदील घेऊन हजर.

"उतरायचं न्हाई. आधी दिवा."

"सर, म्या बापजाद्यापासून हिरी खंदून राहिलो," मारुती म्हणाला. "मला काय हुतंय?"

"खालची हवा तुझं खानदान इचारत न्हाई, मारुती."

कोरड्या, खोल विहिरीत जड हवा तळाला साचते आणि सुरुंगाच्या धुरानं ती आणखी बिघडते, हे सरांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. दिवा विझला, तर तिथं माणूसही विझेल. तेव्हापासून रोज सकाळी दोराला बांधून कंदील तळापर्यंत जायचा, जरा वेळ थांबायचा, वर यायचा, आणि मगच मारुती. सगळी कॉलनी भांडी घेऊन पाण्याची वाट बघतेय आणि सर विहिरीला ओवाळतायत! मानेकाका हातातल्या घड्याळाकडे बघत येरझारा घालायचे. त्यांनी डेपोतली जुनी शिट्टी घरी आणली होती आणि कामाची सुरुवात ते तिच्यावर करायचे.

खडकाच्या खळग्यात उरलेलं मागच्या पावसाचं गढूळ पाणी उपसायला काकांनी डिझेलचं इंजिन आणलं आणि ते खाली उतरवायचं म्हणाले. सर त्या इंजिनावरच जाऊन बसले. "दिव्याला कोंडलेली हवा कळती, इंजिनाच्या धुराचं जहर कळत न्हाई. हे खाली जाणार असंल तर माझ्यासकट जाऊ द्या." इंजिन परत गेलं, उपसा घागरीनं झाला, आणि सरांची कॉलनीतली पत आणखी उतरली.

सर तेवढ्यावर थांबले नाहीत. वरती पंखा असतो तर इथं का नको? वहिनींची दोन जुनी लुगडी घेऊन त्यांनी शिंप्याकडून लांबच लांब पिशवी शिवून घेतली, दोन्ही तोंडं उघडी, आत जागोजागी वेताची कडी. तिचं एक टोक टेबलफॅनला बांधलं, दुसरं तळाला सोडलं. फॅन लावला की लुगडी टम्म फुगायची आणि वरची ताजी हवा थेट मारुतीच्या पायाशी. फॅनची वायर जवळच्या घरातून, म्हणजे मानेकाकांच्या घरातून आणली होती. "मीटर माझं फिरतंय आणि वारा मारुतीला!" काका म्हणायचे. पण वायर काढली नाही, हे त्यांचं मोठेपण.

लाईट गेली की पंखा बंद. आणि लाईट तर रोजच जायची. मग सर लिंबाच्या डहाळ्या दोराला बांधून खालीवर करायचे आणि घरची कळशी आणून वरून शिंपडायचे, म्हणजे तळाची हवा हलेल. दुष्काळात विहिरीत पाणी ओतणारा माणूस तो हाच. मी त्यांना म्हटलं, "सर, वहिनींना स्वयंपाकाला तरी ठेवा." ते म्हणाले, "तहानलेला माणूस वराडतो, मोरे. हवा संपलेला वराडत न्हाई."

पुढच्या आठवड्यात सरांना पेपर तपासायला नांदेडला जावं लागलं. जाताना कंदील मानेकाकांच्या हातात दिला आणि तीन वेळा सांगितलं. काका "हो, हो" म्हणाले. त्याच संध्याकाळी मारुतीनं लावलेला सुरुंग चांगला लागला आणि वरून बॅटरीच्या उजेडात एका कपारीला ओल चमकताना दिसली.

ओल! सकाळी उजाडायच्या आत सगळी कॉलनी विहिरीवर. मीही कचेरी विसरून तिथंच होतो. लाईट आदल्या संध्याकाळपासून गेलेली, लुगड्यांची पिशवी नुसती लोंबत होती. ते कोणाच्या ध्यानातही नव्हतं. सगळ्यांना एकच घाई, मारुतीनं खाली जावं आणि पाणी आहे की नाही ते सांगावं. मारुतीलाही तीच घाई. तो दोराला बांधलेल्या फळीवर बसून एक पाय आत टाकून तयार. मानेकाकांनी शिट्टी फुंकली.

"चला, मारुती! टाइम झाला!"

दोर हलला नाही.

"अगं सोड की," मारुती म्हणाला.

गंगानं दोर पायाखाली दाबून धरला होता. ती म्हणाली, "आन् हवेचं काय?"

सगळे हसले. तिनं सरांची नक्कल केली असंच वाटलं. मानेकाका तर डोळे पुसेपर्यंत हसले. गंगा हसली नाही. "दिवा गेल्याबिगर म्या दोर सोडत न्हाई," एवढंच म्हणाली आणि उभी राहिली. नवरा ओरडला, काका ओरडले, रांगेतल्या बायकाही "बाई, सोड गं" म्हणाल्या. ती ऐकेना. शेवटी वेळ वाचवायचा म्हणून काकांनीच घरातून कंदील आणून दिला.

कंदील खाली गेला. निम्म्यात ज्योत बारीक झाली. आणखी थोडा खाली गेला आणि विझला.

वाऱ्यानं विझला असेल, असं कोणीतरी म्हणालं. गंगानं तो वर ओढला, पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा त्याच जागी विझला. तिसऱ्या वेळीही तिथंच. मारुतीनं आत टाकलेला पाय हळूच वर घेतला आणि तो लांब जाऊन बसला.

मानेकाका घरी गेले. परत आले ते भरलेली कळशी घेऊन. काठावर वाकले आणि सर शिंपडायचे तशी चारी बाजूंनी शिंपडत त्यांनी ती विहिरीत रिकामी केली. मग माझी बायको गेली. मग रांगेतल्या बायका एकेक करून घरी जाऊन आल्या. कोणी लिंबाच्या डहाळ्या तोडून आणल्या. उन्हं चांगली वर येईपर्यंत आमची सगळी कॉलनी दुष्काळात विहिरीत पाणी ओतत होती. बाहेरच्या माणसानं पाहिलं असतं तर सगळ्यांनाच ऊन लागलं म्हणाला असता. कंदील तळाला टेकून तसाच तेवत राहिला, तेव्हा कुठे गंगानं नवऱ्याला हाक मारली.

दुपारच्या एसटीनं सर आले. स्टँडवरून तडक विहिरीवर. झालेलं सगळं त्यांनी दोनदा ऐकून घेतलं.

"दिवा सोडा म्हणून कोण म्हणलं?"

"म्याच म्हणलं," गंगा म्हणाली. "दोर माझ्याच हातात असतो न्हवं, सर."

सर तिच्याकडे बघत राहिले. मग काठावरच्या दगडावर बसले आणि त्यांचे डोळे वाहायला लागले. चष्मा काढायचंही भान नव्हतं. मला वाटलं, उन्हातून आले म्हणून चक्कर आली. मी पाणी आणलं. ते प्यायले नाहीत.

दिवेलागणीला आम्ही दोघंच तिथं उरलो, तेव्हा सांगायला लागले.

त्यांच्या गावी एका मोठ्या शेतकऱ्याचं पेव होतं. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं ज्वारीचं कोठार, तोंड लहान आणि आत पोकळी मोठी, वरून माती लिंपून बंद केलेलं. पेव उघडलं की ते दिवसभर तसंच ठेवायचं, मग दिवा सोडायचा, मग माणूस, ही गावची रीत. पेव काढायला सरांच्या वडलांना बोलावलं. असली कामं त्यांच्याच वस्तीच्या वाट्याला यायची. गाडी बाजाराला निघायची होती, मालकाला घाई होती, दिव्यासाठी कोणी थांबलं नाही. वडील उतरले. ज्वारीच्या टोपल्याचा दोर वर आईच्या हातात.

"दोर हलंना," सर म्हणाले. "आईला वाटलं, टोपलं भरून ऱ्हायलेत. ती वाट बघत ऱ्हायली. लई येळ."

मी त्यांच्या जवळ सरकलो.

"लोक म्हणले, पेवातल्या भुतानं वढलं. आई मला सारखी इचारायची, तू शाळंत जातूस, सांग, खाली काय होतं रे? मला कुठलं येतंय? कॉलेजात गेलो तवा कळलं. सुट्टीत घरी आलो, चुन्याची निवळी केली, पपईचा देठ तिच्या हातात दिला. म्हणलं, फुंक. पांढरं झालेलं बघितलं तिनं. म्हणलं, आई, ज्वारीचा दाणा बी असाच श्वास सोडतो. वरीसभर कोंडलेल्या दाण्यांचा श्वास होता खाली. भूत न्हवतं. मग ती लई रडली. पण त्या दिसापासून कुठंबी गेली की आधी इचारायची, हवेचं काय? लग्नात, दवाखान्यात, एसटीत. लोक हसायचे. मोरे, ते माझं पालुपद न्हाई. तिचं हाय."

मग ते मासिकांचं बोलले. आपला माणूस वर गेला तेव्हा शाळेत पेढे वाटले होते. सरांनी आईसाठी एक नेला. तिनं तो हातात धरून ठेवला, खाईना. 'एवढ्या वर नेऊन कोंडलंय त्याला, हवेचं काय?' सरांना ते नीट सांगता येईना. म्हणून मासिकं मागवली, आणि दर रविवारी ते वाचत गेले, ती ऐकत गेली. चुन्याच्या जातीचा पदार्थ. घामाचं पाणी. झोपलेल्या माणसाचा पंखा.

"पंख्याचं वाचलं तवा ती म्हणली, म्हंजी त्यो झोपला की कुणीतरी वारा घालतंय त्याला. म्हणलं, मशीन घालतंय. म्हणली, मशीन का असंना, कुणीतरी जागं हाय ना? मग निवांत झोपली." सरांनी चष्मा पुसला. "ती गेल्यावर वाचून कुणाला दाखवायचं हेच कळंना. म्हणून तुमच्या छातीवर पोतं ठिवलं. राग मानू नका."

राग कसला? मला त्यांचा हात हातात घ्यावासा वाटला आणि मी तो घेतला.

विहिरीला पुढे पाणी लागलं. पण मचूळ निघालं, धुण्याभांड्यापुरतं. टँकर काही सुटला नाही.

त्या संध्याकाळनंतरची सकाळ मात्र मला चांगली आठवते. सर नेहमीप्रमाणे कंदील पेटवून निघाले, मीही बरोबर होतो. विहिरीवर मानेकाका शिट्टी खिशात घालून उभे होते आणि गंगाचा कंदील आधीच खाली चालला होता. तो तळाला पोचला, तेवत राहिला. मग गंगानं मारुतीला फळीवर बसवलं आणि दोर हळूहळू सोडला. सगळा दोर खाली गेला, सैल पडला. सर माझ्या शेजारी उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

मग तळातून मारुतीनं दोर हलवला. गंगाच्या मुठीत तो दोनदा हलला. सर त्या दोराकडे बघत राहिले, मग हातातला कंदील त्यांनी फुंकून विझवला. त्या सकाळी त्यांनी कोणाला काही विचारलं नाही.